देवाला द्यायची वस्तू

सव्वीस वर्षं मी भाषांतराचं काम करतोय. कथा-कादंबऱ्यांचं नाही, कोर्टाच्या कागदांचं. इंग्रजी निकाल, विमा कंपन्यांची पत्रं, खरेदीखतं वकील मंडळी माझ्याकडे पाठवतात आणि मी ती मराठीत करून देतो. जुन्या कागदावर औरंगाबाद असेल तर औरंगाबाद लिहायचं, नव्यावर छत्रपती संभाजीनगर असेल तर तसं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. या धंद्यात माणूस शब्दांच्या बाबतीत खवचट होतो. घरात कोणी ‘जरा वेळानं येतो’ म्हणालं की मी ‘जरा म्हणजे किती’ विचारतो, आणि मग कोणी माझ्याशी बोलत नाही. शब्द नेमका हवा, एवढा एकच हट्ट मी आयुष्यभर धरला. त्या नेमकेपणानं माझ्या बहिणीच्या घरात काय केलं ते मला इथे लिहायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात एका वकिलांच्या कचेरीत बसलो होतो. वकीलसाहेब कोर्टातून यायचे होते, चहा होऊन गेला होता. समोरच्या कपाटात इंग्रजी कायद्याचा एक जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा निघालेला. मला दुसराच शब्द पाहायचा होता. पण त्याच पानावर खाली असा एक शब्द दिसला, जो मी इतक्या वर्षांत कधी वाचला नव्हता. डिओडँड.

मराठी कानाला तो ‘देवदंड’ असाच ऐकू येतो. मलाही आला, आणि मी खिशातल्या वहीत तसं लिहूनही टाकलं. मग पुढचं वाचलं आणि खोडलं. मूळ लॅटिन आहे, ‘देओ दांदुम’. पहिला तुकडा आपल्या ‘देव’ शब्दाच्या कुळातला, आणि दुसऱ्याचं नातं दंडाशी नाही, दानाशी आहे. देवाला द्यायचं ते, असा सरळ अर्थ. इंग्लंडात काही शतकं कायदाच होता, की एखाद्या वस्तूमुळे किंवा जनावरामुळे माणूस मेला तर ती वस्तू दोषी धरायची. गाडी अंगावरून गेली तर गाडी, बैलानं शिंग खुपसलं तर बैल, अंगावर झाड पडलं तर झाड. ती राजाकडे जमा करायची आणि राजानं ती देवाच्या नावानं दानधर्माला लावायची. पुढे पुढे वस्तूऐवजी तिचं मोल घ्यायला लागले. आणि शेवटी एक वाक्य होतं. मालकाची चूक होती की नव्हती, हे पाहायचं कारण नाही.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. वकीलसाहेब आले, त्यांनी काही विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. मला फार बरं वाटत होतं, आणि ते कशामुळे हेही मला पक्कं माहीत होतं. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मी दिलेल्या कूलरचा शॉक लागून गेले, त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

कूलर पत्र्याचा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात असे कूलर खिडकीखिडकीला लागतात: चौकोनी पत्रा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी आणि ते पाणी जाळ्यांवर चढवणारा एक छोटा पंप. मी तो शहागंजच्या बाजारातून घेतला होता. घेतला तेव्हा त्याच्या वायरीला तीन पिनांचा टॉप होता, आणि माझ्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीतल्या बोर्डाला दोनच भोकं. एप्रिल महिना, अंग घामानं चिकट झालेलं आणि नवाकोरा कूलर समोर बंद. मी पक्कड घेतली, टॉप काढला, आतली हिरवी वायर बोटभर मागून छाटून टाकली आणि दोन पिनांचा टॉप बसवला. दहा मिनिटांचं काम. हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. पत्र्यात करंट उतरलाच तर त्याला जमिनीत नेऊन सोडणारी ती एकच वाट असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी अडाणी नव्हतो, हे मुद्दाम लिहितो आहे.

दोन उन्हाळे काही झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात कूलर मुंग्या द्यायला लागला. ओला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिणायचं. आमच्याकडे हे इतकं सर्रास असतं की त्याची भीती वाटत नाही, त्याचे नियम होतात. पायात चप्पल असल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही. पहिल्यांदा उलटा हात लावायचा, म्हणजे करंट असला तर बोटं पत्र्याला आवळली जात नाहीत, झटकली जातात. पाणी भरताना बटण बंद करायचं हा खरा नियम, पण तेवढा वेळ उकाडा कोण सोसतो, म्हणून पायाखाली लाकडी पाट. पाहुणे आले की माझी बायको हसत सांगायची, ‘बेतानं हं, आमचा कूलर चावतो.’ पाहुणेही हसायचे. त्यांच्याही घरचा चावत असायचा.

मग आम्ही फ्लॅट घेतला, एसी लावला आणि कूलर नको झाला. बहीण बजाजनगरात राहायची. दाजी वाळूजला एका कारखान्यात होते, दोन खोल्यांचं घर, वरचा स्लॅब मार्चपासूनच तापायचा. मीच फोन करून म्हटलं, कूलर घेऊन जा. दाजी टेम्पो घेऊन आले. मोठा मोकळा माणूस. कोणाकडून काही घ्यायचं म्हटलं की ते आधी दहा मिनिटं नको म्हणायचे.

“दादा, उगाच देताय तुम्ही. ऱ्हाऊ द्या की कोपऱ्यात, लागंल कवा तरी.”

“न्या हो. मला अडगळ झालीय.”

वायर गुंडाळताना टॉप माझ्या हातात आला आणि मला आठवलं. बहिणीच्या घरचे बोर्ड नवे होते, तीन भोकांचे, अर्थिंग केलेले. तीन पिनांचा टॉप लावायचा, हिरवी वायर पुन्हा जोडायची, की संपलं. घरात टॉप नव्हता. इलेक्ट्रिकचं दुकान कोपऱ्यावर होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी दाजींना म्हणालो, “चप्पल घालून हात लावत जा. थोडा चावतो.”

“आमचा पयला बी चावायचाच की,” दाजी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

रविवारी बहिणीकडे जाईन तेव्हा टॉप नेऊन बसवीन, असं मी ठरवलं. दर रविवारी जायचो, जेवायचो, त्याच कूलरच्या वाऱ्यात पाय पसरून बसायचो आणि परत यायचो. असे सात रविवार गेले. ते मी नंतर मोजले.

मे महिन्यातली दुपार होती. दाजींची दुसरी पाळी, म्हणजे जेवून निघायचं. बहिणीनं फरशी पुसून घेतली होती. उन्हाळ्यात ती रोज दुपारी ओलं फडकं मारायची, तेवढाच गारवा. आमच्या गावी, पाचोडला, आई उन्हाळ्यात सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडायची, तिचीच ही सवय. दाजी अंघोळ करून बाहेर आले, अनवाणी, अंग अजून ओलं. कूलरमधलं पाणी कमी झालेलं दिसलं म्हणून एका हातानं बादली उचलली आणि दुसऱ्या हातानं पत्र्याची कड धरली. बहीण आत भाकरी थापत होती. तिला बादली पडल्याचा आवाज आला. तिनं आतूनच आवाज दिला, की आत्ताच पुसलीय, जरा बघून. दुसऱ्यांदा बोलली तरी उत्तर आलं नाही तेव्हा पिठाच्या हातांनी ती बाहेर आली. त्यांची एकच मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. ती क्लासवरून दारात पोचली तेव्हा वडील खाली पडलेले होते, आई ओल्या फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कूलर चालूच होता. बटण भाचीनं बंद केलं.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हाच कळलं. दिवस मावळायच्या आत पोलीस घरी आले. एक हवालदार होता, थकलेला, सभ्य माणूस. आकस्मिक मृत्यूची नोंद आणि जागेचा पंचनामा करायचा होता. पंच म्हणून शेजारचे दोघं उभे केले. मी कोर्टाचे कागद करतो हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

“सायेब, तुम्ही सांगत चला, मी लिहितो. तुमच्या भाषेत चूक व्हायची नाय.”

आणि मी सांगत गेलो. मेहुणा जाऊन चार तास झालेले, आणि मी खोलीची लांबी-रुंदी सांगत होतो. दार कुठल्या दिशेला, खिडकी कुठे, पश्चिमेच्या भिंतीलगत लोखंडी पत्र्याचा कूलर. खरं सांगायचं तर त्या कामाचा मला आधार वाटत होता. सगळं माझ्या हातातलं होतं. वायरीजवळ हवालदार वाकला, टॉप पाहिला आणि ‘दोन पिनी टॉप’ असं स्वतःच लिहून घेतलं. ते मी सांगितलं नव्हतं. दोन पिनी का, कुणी लावला, हे त्यानं विचारलं नाही. मग त्यानं मान वर केली.

“कारण काय टाकू, सायेब?”

बहीण भिंतीला टेकून बसली होती, भाची तिच्याजवळ. मी खाली पाहिलं. फरशी कधीच वाळली होती, फक्त कोपऱ्यात बादलीतलं थोडं पाणी साचलं होतं.

“लिहा,” मी म्हणालो. “फरशी ओली असल्यामुळे सदर इसमास कूलरमधून विजेचा तीव्र धक्का बसून मृत्यू.”

वाक्य नीट होतं. खोटंही नव्हतं, ओल्या फरशीवर शॉक जास्त लागतो हे शाळेतली पोरंही सांगतील. हिरव्या वायरीची मी वाच्यता केली नाही, एवढंच. हवालदारानं सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि पंचांच्या सह्या घेतल्या. फरशी ओली असल्यामुळे, हे शब्द आले तेव्हा भाचीनं वळून आईकडे पाहिलं. ते मी पाहिलं, आणि गप्प बसलो.

दहाव्याच्या दिवशी गोदावरीवरून परत आल्यावर दाजींच्या धाकट्या भावानं शेजारच्या वर्कशॉपमधून घण आणला आणि कूलर रस्त्यावर ओढून नेऊन चेचला. गल्ली पाहत होती. कुणी अडवलं नाही. ‘माणूस खाल्ला यानं,’ एवढंच तो मधेमधे म्हणत होता. पत्रा सपाट झाला, पंखा वाकला, जाळ्यांचं गवत रस्ताभर पसरलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला तो सांगाडा फुकट दिला. सगळे रडत होते. मीही रडत होतो, पण घण वायरीवर पडला तेव्हा आतून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

नंतर बहिणीनं स्वतःला जे लावून घेतलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिले काही महिने येईल त्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. “मीच पुसली होती. जेवल्यावर पुसली असती तर काय बिघडत व्हतं.” मग तिनं सांगायचं थांबवलं. तेव्हा लोक म्हणाले, सावरली. ती सावरली नव्हती. फक्त तिचा निकाल लागला होता आणि तो तिनं मान्य केला होता. तिनं फरशीला फडकं लावणं सोडलं. घरातली सगळी फरशी भाची पुसायची, एकदा ओल्या आणि दोनदा कोरड्या फडक्यानं. एका रविवारी पाहुणे यायचे होते म्हणून बहिणीनं बादलीला हात घातला. भाचीनं तिच्या हातातून बादली काढून घेतली.

“तू बस. तू पुसलेलं नको मला.”

आवाज चढवून नाही, सहज बोलल्यासारखं. बहीण बसली. मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो.

भाची एवढं एकच बोलली असती तर गोष्ट वेगळी. पण घरात दोघीच, आणि त्या पोरीचा जीव वडिलांवर. वडिलांचा डबा कसा होता, वडील कसे हाक मारायचे, यातलं काहीही निघालं की ती आईकडे बघायची आणि उठून आत जायची. कामापुरतं बोलायची. दूध आणलं, क्लासला चालले, जेवण झालं. बारावीचा निकाल तिनं मला फोन करून सांगितला, आईला शेजारणीकडून कळला. आणि मी काय करत होतो? मी त्या घराचा कर्ता झालो होतो. कंपनीचे कागद, पेन्शनचे अर्ज, भाचीचा कॉलेजप्रवेश, सगळं मीच धावपळ करून केलं. बहीण शेजारणींना सांगायची, माझा दादा देवमाणूस हाय. मी ते ऐकून घ्यायचो. नाही म्हणायला निदान थोडी तरी हिंमत लागते.

अशा दिवसांत तो इंग्रजी शब्द मला सापडला होता. मी त्याच्या मागेच लागलो. जिथून मिळेल तिथून त्याच्याबद्दल वाचलं, वहीत उतरवलं. त्या कायद्यातले बारकावे मला पाठ झाले. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला तर दोष फक्त चाकाचा. तीच गाडी चालती असेल आणि अंगावरून गेली तर अख्खी गाडी, घोडे आणि वरचा माल, सगळं दोषी. जे हललं आणि ज्यानं मृत्यू आणला ते सगळं देवाचं. मग मी मनातल्या मनात खटला चालवायचो. पत्रा हलत नव्हता, तो सुटला. पंखा फिरत होता, पण त्यानं काही केलं नाही. पंप चालू होता आणि करंट तिथूनच उतरला असणार, म्हणजे पंप दोषी. पाणी सांडलं ते नंतर. फरशी तर जागची हललीच नाही, तिला कुठलाच इंग्रज पंच, म्हणजे तिथल्या ज्यूरीतला माणूस, दोषी धरता ना. स्वयंपाकघरात, रिक्षात, झोपायच्या आधी, हा खटला मी किती वेळा चालवला असेल त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आरोपींच्या यादीत मी नसायचो.

हा कायदा पुढे का बंद झाला तेही वाचलं. रेल्वे आली. इंजिनं माणसं मारायला लागली, आणि पंच इंजिनाचं मोल भरमसाट लावायला लागले. कंपन्यांनी आरडाओरडा केला, कायदा गेला. त्याच सुमारास दुसरा कायदा आला, की माणूस कुणाच्या हलगर्जीनं मेला ते पाहायचं आणि त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची. म्हणजे वस्तूला विचारायचं सोडून ते माणसाला विचारायला लागले. हा भाग मी वहीत उतरवला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ठरवलं, की हा शब्द बहिणीला सांगायचा. हेतू काय होता ते आता स्वच्छ लिहितो. तिच्या मनावरचं ओझं उतरावं, ही इच्छा खरी होती. पण ते माझ्या मानेवर न येता उतरावं, हीही तेवढीच खरी होती. कूलर तर भंगारात गेलेला. सगळा दोष त्याच्यावर टाकला की बहीण सुटते आणि मीही सुटतो, असा माझा हिशेब.

दुपार होती. बहीण पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती, भाची आत अभ्यास करत होती. मी तिला सांगायला सुरुवात केली. इंग्रजांच्या देशात पूर्वी असं होतं, तसं होतं. ती पानं खुडत ऐकत होती.

“हे इंग्रजाचं मला कशाला सांगतो, दादा?”

“तुझा काही दोष नव्हता, एवढ्यासाठी. ते लोकसुद्धा म्हणाले असते, दोष कूलरचा.”

तिनं मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली. शब्द तिला पटत होता असं मला वाटलं.

“म्हंजी बैलानं माणूस मारला तर बैल घेऊन जायचे?”

“हो.”

“आन बैलवाल्याला?”

“त्याची चूक होती की नव्हती, ते बघायचं नाही, असा नियम होता.”

“बैल मारका हाय हे त्याला ठावं असलं तरी?”

तिला माझ्यावर काही रोखायचं नव्हतं, ती फक्त गोष्ट समजून घेत होती. आम्ही शेतकऱ्याची पोरं. पाचोडच्या बाजारात आमच्या वडिलांनी, आबांनी, बैल घेतलेले आणि विकलेले तिनं पाहिले होते.

“आपल्याकडं असलं नाय चालत,” ती म्हणाली. “मारका बैल इकायचा तर घेणाराला सांगून इकावा लागतो. नाय सांगितलं तर पुन्हा बाजारात त्वांड दावता येत न्हवतं. आपल्या आबांनी तर असा बैल फुकट द्यायला बी ना केली व्हती, आठवतं का? म्हणाले, फुकट दिला तरी मारणारच की.”

मला आठवत होतं.

“मला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“कूलरचं. कूलर मारका आहे हे मला ठाऊक होतं.”

आणि मी तिला सगळं सांगितलं. दोन भोकांचा बोर्ड, पक्कड, हिरवी वायर. टेम्पोत चढवताना आठवलं होतं ते. चप्पल घाला म्हणून दाजींना हसत सांगितलं ते. सात रविवार. त्यांच्या घरचा बोर्ड चांगला होता, एक टॉप बदलला असता तर करंट जमिनीत गेला असता आणि फरशी ओली असो की कोरडी, दाजी त्या दिवशी कामावर गेले असते. पंचनाम्याचंही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहत होतो. ते बराच वेळ पानं खुडत राहिले, मग थांबले.

“ते फरशीचं तूच लिहायला लावलं?”

“हो.”

“मला वाटलं, पोलिसाला दिसलं आसंल.”

एवढंच म्हणाली. ओरडली असती, ताट फेकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली, काड्या दुसऱ्या बाजूला केल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

भाची दारात येऊन उभी राहिली, हातात पेन.

“मामा काय सांगतो ते ऐक,” बहीण म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “मला सांगितलं तसंच हिला सांग.”

“नंतर बोलतो मी तिच्याशी. नीट समजावून.”

“आत्ता सांग.”

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब भाषांतरित केले, पण तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलणं किती जड जातं ते तेव्हा कळलं. वायर सांगितली, टॉप सांगितला, पंचनामा सांगितला आणि थांबलो.

“रविवार राहिले,” बहीण म्हणाली.

मग रविवारही सांगितले.

भाची हलली नाही. आता ती मला काय बोलेल याची मी वाट पाहत होतो. दीड वर्ष मी मनात ज्याची तयारी करत होतो ते सगळं आता येणार आणि मी ते खाली मान घालून ऐकणार, असं मी धरून चाललो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडे पाहत होती.

“आई,” ती म्हणाली. “मी तुला काय काय बोलले.”

“बोललीस,” बहीण म्हणाली.

“तू एकदा पण उलटून बोलली नाहीस.”

“मला तरी कुठं ठावं व्हतं, बाळा. मला वाटलं, खरंच बोलती तू.”

भाची खाली बसली. जमिनीवर, आईला चिकटून, आणि रडायला लागली तशी बहिणीनं मेथीचे हात पदराला पुसून तिला जवळ घेतलं. दोघी बराच वेळ तशाच होत्या. मी समोरच्या खुर्चीवर बसून होतो. मी काही बोलावं असं कुणाला वाटत नव्हतं.

“दादा,” शेवटी बहीण म्हणाली, “तू आता जा.”

तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी उठलो. त्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता निघालो, आणि तिनं मला थांबवलं नाही.